व्हेंटिलेटरवरच्या आजोबांना आयसीयूत उठवून बसवतात, हे बरोबर आहे का?

नांदेडला भरती असलेल्या आजोबांना नळ्यांसकट पलंगाच्या कडेला बसवलं म्हणून घरचे चिडलेत, असं तुम्ही लिहिलंय. चिडू नका. 'पेशंटला हलवू नका' हे आपल्याकडचं जुनंच खूळ. पडून राहिलं की मांड्या झपाट्याने वाळतात. २००९ मध्ये व्हेंटिलेटरवरच्या १०४ पेशंटवर चाचणी झाली. लवकर हालचाल सुरू केलेल्यांपैकी ५९ टक्के लोक सुट्टी होताना आपलं आपण करू शकत होते, बाकीच्यांत ३५ टक्के. अतिरेक मात्र नको: २०२२ च्या मोठ्या चाचणीत हालचालीवर जास्त जोर देऊन फायदा वाढला नाही, उलट हृदयाच्या ठोक्यांचे, बीपीचे त्रास वाढले. बीपी सांभाळायला औषधाचा डोस वाढवावा लागत असेल तर डॉक्टर स्वतःच थांबतात. भेटायला जाताना आजोबांचा चष्मा तेवढा न्या.