बुडालं तर कोणाचं बुडणार?

चिरंजीवास, अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. "कर्ज पुढे विकायचंच आहे, फाइल कसली चाळत बसतोस?" असं साहेब म्हणाले आणि तू गोंधळलास. 2008 च्या मंदीची कारणं तू वाचली आहेस: स्वस्त व्याज, हाव, ढिलं नियंत्रण. सगळी खरी. पण तुझ्या टेबलावरच्या फाइलला एकच प्रश्न विचार. बुडालं तर कोणाचं बुडणार?

अमेरिकेत दलाल उत्पन्नाचा आकडा तोंडी विचारून घरकर्जाचे अर्ज भरायचे, पगाराचा पुरावा मागायचेच नाहीत. पहिली दोन वर्षं हप्ता हलका, पुढे व्याज चढणार. दलालाचं कमिशन तेव्हाच सुटायचं. कर्ज देणारा ते वॉल स्ट्रीटला, म्हणजे तिथल्या बड्या गुंतवणूक बँकांना, विकायचा. तिथे हजारो कर्जांची मोट बांधून रोखे निघायचे. रोखे काढणाऱ्यांकडूनच फी घेऊन पतमानांकन संस्था त्यांवर 'एएए'चा, म्हणजे सगळ्यात सुरक्षित असल्याचा, शिक्का मारायच्या, आणि एआयजी ही विमा कंपनी वरून ते बुडाले तर भरून द्यायची हमी विकायची. बुडालं तर कोणाचं, हे कोणी विचारलं नाही. 'माझं नाही' एवढं प्रत्येकाला पुरेसं होतं.

घरांच्या किमती उतरल्या, हप्ते थकले. 15 सप्टेंबर 2008 ला 158 वर्षांची लेहमन ब्रदर्स ही गुंतवणूक बँक दिवाळखोरीत गेली. दुसऱ्याच दिवशी रिझर्व्ह प्रायमरी फंड या तिथल्या म्युच्युअल फंडाचं एक डॉलरचं युनिट 97 सेंटवर आलं. लोकांनी तिथे ठेवीसारखे निर्धास्त पैसे ठेवले होते. एआयजीला वाचवायला अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेला 85 अब्ज डॉलरचं कर्ज द्यावं लागलं. आणि तिकडची हिऱ्यांची मागणी आटली तशी सुरतेतले कारागीर काम गमावून सौराष्ट्रातल्या गावी परतले. त्यांनी ना कर्ज घेतलं होतं, ना विकलं होतं. बुडालं ते त्यांचं.

'सगळेच करतात' हे पुन्हा मला लिहू नकोस. तुझ्याकडून ते ऐकवत नाही.

बँकेत असताना पगाराची स्लिप आणि पासबुक जुळल्याशिवाय मी सही केली नाही. वरिष्ठांना ती अडवणूक वाटायची. माझ्यामागून आलेले मॅनेजर झाले, मी बदल्या भोगल्या. मला त्याचं वाईट वाटतं, घरच्यांनी माझ्यापायी सोसलं त्याचं जास्त. तरी मी बरोबरच होतो. माझा कर्जदार हप्ता भरायला त्याच शाखेत यायचा. थकला तर त्याच्या दारात मलाच जावं लागायचं. तुझा कर्जदार तुला पुन्हा दिसणारही नाही. म्हणून तर तू माझ्यापेक्षा कडक असायला हवंस.

स्लिपा बँकेच्या स्टेटमेंटशी ताडून बघ. जुळत नसतील तर तसा शेरा लिही, खाली तारीख घालून सही कर आणि फाइल साहेबांकडे पाठव. चिडतील. चिडू देत. टार्गेट हुकलं आणि घरभाड्याची अडचण आली तर संकोच करू नकोस, मला फोन कर.

तुझा,
काका