आंदोलनांचा अभ्यास फक्त स्थानिक पेपरवरून करता येतो का?

तुम्ही विचारलंय की सोलापुरातल्या आंदोलनांवर एमएचा प्रबंध करायचाय, पेपरच्या जुन्या फायली चाळून आंदोलनं मोजली तर चालेल का. मोजा की, पण त्या आकड्याला छापून आलेली आंदोलनं म्हणा, झालेली म्हणू नका.

मी हेच केलंय. माझी अम्मा विडी वळायची. मी नववीत असताना छाट फार काढतात म्हणून त्यांच्या कारखान्याच्या बायका आठ दिवस दारात बसल्या; छाट म्हणजे हजार विड्या वळून न्यायच्या अन् त्यातल्या शंभर-दीडशे खराब म्हणून बाजूला, त्याची मजुरी नाही. रोज दुपारी डबा मीच द्यायचो. पुढं एमएला लायब्ररीत बसून त्या महिन्याचे तीन पेपर पान न् पान चाळले. सात दिवस एक ओळ नाही. आठव्या दिवशी बायकांनी रस्ता अडवला तेव्हा बातमी आली, ती पण वाहतूक खोळंबली म्हणून, छाटीचा शब्द नाही. गाईड म्हणाले पेपरात नाही ते धरता येत नाही, एक दिवस लिही. मी लिहिला. घरी सांगितलं तर अम्मा म्हणाली, "मग सात दिवस मी कुठं होते रे?"

हे फक्त आपल्याकडंच नाही. ऑलिव्हर आणि मायर्स या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या मॅडिसन शहरात एका वर्षाच्या पोलीस नोंदी स्थानिक पेपरशी ताडून बघितल्या, लेख 1999 चा आहे. मोर्चे, सभा, मिरवणुका धरून 382 जाहीर कार्यक्रम, त्यातले 32 टक्केच छापून आले होते, आणि मोठे, वादाचे, मध्यवर्ती जागेतले जास्त. आपल्याकडं शहराच्या मध्यावर पूनम गेटला बसलं तर फोटो येतो, शहराबाहेर कुंभारीत बसलं तर कोण येतंय?

पेपर टाकून द्या असं नाही म्हणत, मागण्या अन् तारखा त्यातच सापडतात. फक्त बातमी आंदोलनाच्या दुसऱ्या दिवशी छापून येते हे ध्यानात ठेवा, आणि एकच प्रेसनोट तीन पेपरात आली तर आंदोलन एकच धरा. सोबत युनियनची पत्रकं आणि कामगार कार्यालयाला दिलेली निवेदनं बघा. अन् गाईड 'पेपरात नाही' म्हणाले तर तिथंच भांडा, मी नाही भांडलो, प्रबंधात तो एकच दिवस राहिलाय.

विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, जाऊन बायकांना विचारा. सकाळी जाऊ नका, तेव्हा त्या विड्या द्यायला गेलेल्या असतात, दुपारनंतर भेटतील.