सोयाबीनला रायझोबियम लावताना

रायझोबियम म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र झाडाला देणारे जिवाणू. आधी पाकीट नीट वाचा. हरभऱ्याचं रायझोबियम सोयाबीनवर गाठी करत नाही, सोयाबीनला ब्रॅडीरायझोबियम हा वेगळा प्रकारच लागतो. 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम. ते बियाण्याला चिकटवायला गुळाचं पाणी उकळून पूर्ण गार करा; गरम पाण्यातच जिवाणू मारून बसणारे बरेच! बुरशीनाशक आधी, जिवाणू शेवटी. बी हलक्या हाताने चोळा, साल सुटली की उगवण गेली. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा.

मुळाने सोडलेल्या रसायनांच्या ओढीने जिवाणू केसमुळांना चिकटतात, केसमूळ वळतं, त्यातून आत शिरतात. युरिया जास्त पडला तर झाड त्यांना दारातच अडवतं.

पस्तिसाव्या दिवशी रोप मातीसकट खणा, उपटू नका, गाठी तुटून मातीत राहतात. गाठ नखाने फोडा: आत गुलाबी असेल तर काम चालू, पांढरट-हिरवट असेल तर नाही.