रिपोर्ट चांगले, मग थकवा कशाचा?

प्रश्न : माझे वय ३९ वर्षे असून मी एका सहकारी बँकेत रोखपाल आहे. सहा वर्षांपूर्वी मला ल्युपसचे निदान झाले. गेले वर्षभर रक्ताचे व लघवीचे रिपोर्ट चांगले येत आहेत. मात्र दुपारी तीननंतर, नेमके रोकड जुळवायच्या वेळी, हातापायांतले बळच जाते. ‘सगळं नॉर्मल आहे ना, मग होतंय काय?’ असे सासूबाई विचारतात. आपण आळशी तर झालो नाही ना, अशी शंका आता मलाही येऊ लागली आहे.
– एक वाचक, सांगली

उत्तर : ही शंका आधी मनातून काढून टाका. ल्युपसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते. औषधांनी तिला आवर बसून रिपोर्ट सुधारले, तरी थकवा मागे उरतो, असा अनेक रुग्णांचा अनुभव आहे. मूत्रपिंडे आणि रक्तपेशी सुरक्षित आहेत की नाहीत, हे रिपोर्ट सांगतात. तुमचा दिवस कसा गेला, हे त्यांत उमटत नाही. म्हणूनच ब्रिटनमध्ये या रुग्णांसाठी ‘ल्युपस-क्यूओएल’ नावाची ३४ प्रश्नांची प्रश्नावली तयार झाली. तिच्यात थकवा हा स्वतंत्र विभाग आहे आणि ‘आपण इतरांवर भार झालो आहोत’ या भावनेचाही आहे. सासूबाईंच्या प्रश्नाने तुम्हाला जे बोचले, ते या आजारात इतके नेहमीचे आहे.

तेव्हा पुढच्या भेटीत थकव्याची तक्रार ‘जाता जाता’ सांगू नका, सर्वांत आधी सांगा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, अपुरी झोप, अंगभर दुखणारा फायब्रोमायल्जिया आणि नैराश्य ही कारणे शोधण्यासारखी असतात, आणि त्यांवर उपचारही आहेत. स्टेरॉइड चालू असेल तर त्याची मात्रा विचारा. प्रेडनिसोलोन हे नेहमीचे स्टेरॉइड दिवसाला ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी ठेवावे, शक्य झाल्यास पूर्ण थांबवावे, असे आज तज्ज्ञ मानतात. ते स्वतःहून एकदम बंद करणे मात्र धोक्याचे आहे. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे ल्युपसवरचे नेहमीचे औषध घेत असाल, तर तेही ‘आता बरी आहे’ म्हणून सोडू नका, कारण चांगल्या रिपोर्टांमागे बहुधा तेच असते. या गोळीला पाच वर्षे झाल्यावर दरवर्षी डोळ्यांचा पडदा तपासावा लागतो, म्हणजे तुमची ती वेळ आलेली असू शकते.

थकलेल्या माणसाला व्यायाम सांगणे क्रूरपणाचे वाटेल, पण नियमित चालण्याने हा थकवा कमी होतो. दहा मिनिटांपासून सुरुवात करा आणि ऊन चढण्यापूर्वी घरी परता, कारण उन्हाने ल्युपस उफाळतो. बँकेत डॉक्टरांचे पत्र देऊन मधल्या सुट्टीत वीस मिनिटे आडवे होण्याची सोय मागा. ते जमत नसेल तर रोखीऐवजी दुसरे टेबल मागता येईल.

आणि पुढच्या तपासणीला सासूबाईंनाच सोबत न्या. त्यांचा तो प्रश्न त्यांनी तुम्हाला विचारण्यापेक्षा डॉक्टरांना विचारलेला बरा.