५ फूट १ इंच उंचीवर केबिन क्रू होता येतं का?

येतं, पण सगळ्या एअरलाइन्समध्ये नाही. तुम्ही फक्त उंची सांगितली आहे. बऱ्याच ठिकाणी निकाल लागतो तो हात किती वर पोचतो यावर, आणि ते तुम्ही बहुतेक अजून मोजलेलं नाही.

ही अट रुबाबासाठी नाही. फायर एक्स्टिंग्विशर, धुरात घालायचा स्मोक हूड, ऑक्सिजनची बाटली, मेगाफोन यांतलं बरंचसं सामान अनेक विमानांत डोक्यावरच्या बिनमध्ये, म्हणजे सामानाच्या बंद कप्प्यात, बांधून ठेवलेलं असतं. केबिनमध्ये धूर झाला तर सीटवर चढून ते काढत बसायला वेळ नसतो. शिवाय प्रत्येक उड्डाणाआधी सगळ्या बिनची झाकणं नीट बसली आहेत ना, हे हाताने दाबून बघायचं असतं.

आता आकडे. ५ फूट १ इंच म्हणजे १५४.९ सेंटिमीटर. जिथे किमान १५५ मागतात तिथे तुम्ही अगदी काठावर आहात, त्यामुळे फूट-इंच विसरा आणि सेंटिमीटरमध्येच मोजा. फॉर्ममध्ये ‘५.१ फूट’ असंही लिहू नका. दशांशात ते १५५.४ होतं आणि प्रत्यक्ष मोजणीत फरक लगेच कळतो. एमिरेट्सला किमान १६० लागते आणि चवड्यांवर उभं राहून हात २१२ पर्यंत पोचावा लागतो. सिंगापूर एअरलाइन्समध्ये मुलींना १५८, मुलांना १६५. या दोन्ही सोडून द्या. कतार एअरवेजचा भर उंचीपेक्षा चवड्यांवरच्या २१२ वर आहे, म्हणून हात लांब असतील तर तिथे प्रयत्न करण्यासारखा आहे. अर्ज करताना त्या भरतीच्या जाहिरातीतला आकडा पुन्हा बघाच, कारण हे नियम बदलतात.

घरी मोजताना भिंतीवर जमिनीपासून बरोबर २१२ वर चिकटपट्टी लावा. टेप जमिनीला टेकलेला हवा. खाली पाटी किंवा गालिचा असेल तर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर तिथेच चुकतो. अनवाणी, भिंतीकडे तोंड करून उभे राहा, टाचा उचला आणि हात कानाला लागून सरळ वर न्या. नुसता हात वर करून थांबू नका, खांदासुद्धा वर ढकला. बहुतेक जण हेच विसरतात आणि दोन-चार सेंटिमीटर फुकट घालवतात. मधल्या बोटाचं टोक खुणेवर टेकून तीन-चार सेकंद तोल राहिला पाहिजे. उडी मारून लागलेलं बोट कुणी धरत नाही. तोल जात असेल तर रोज टाचा वर-खाली करण्याचा व्यायाम करा, पोटऱ्यांत ताकद आली की टाच आणखी थोडी उचलली जाते.

मोजणी संध्याकाळी करा. दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि उंची सेंटिमीटरभर कमी भरते. संध्याकाळच्या मापात बसलात तर मुलाखतीच्या दिवशी चिंता नाही. त्या दिवशीचा ब्लाउज किंवा ब्लेझर काखेत घट्ट नको. हात वर नेला की शिवण अडते आणि सगळा कोट वर ओढला जातो. घरी एकदा त्याच कपड्यांत मोजून बघा.

खरं सांगायचं तर १५५ च्या आसपास २१२ गाठणं बहुतेकांना जड जातं. पाच-सहा सेंटिमीटर कमी पडत असतील तर सरावाने ते भरून निघणार नाहीत. उंची वाढवणाऱ्या पावडरी आणि गोळ्यांवर तर एक पैसाही घालू नका. हाडांची वाढ थांबल्यावर त्यांचा काही उपयोग नसतो.

जास्त उंचीचीही अडचण असते बरं का. एटीआर ७२ या छोट्या पंख्याच्या प्रवासी विमानात केबिनची उंची १९१ सेंटिमीटर आहे, तिथे सहा फुटांवरच्या माणसाला बुटांसकट जेमतेम ताठ उभं राहता येतं.

प्रशिक्षण संस्थेची फी भरण्याआधी भिंतीवरची ही मोजणी उरका. ‘उंचीचं आम्ही बघून घेऊ’ असं संस्थेत कुणी म्हणालं, तरी मोजणारे लोक एअरलाइनचे असतात आणि हे माप बहुधा सुरुवातीलाच घेतात.