चांगलं मशीन कुणाला, जुनं कुणाला?

प्रश्न (राजेंद्रनगर, इंदूर) : मी घरून सहा दुकानांचे टॅलीचे (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे) हिशेब आणि जीएसटी रिटर्न करते. महिन्याला 14,000 सुटतात. फोर्थ जनरेशन आय-थ्रीचा (इंटेलच्या जुन्या, चौथ्या पिढीच्या प्रोसेसरचा) डेस्कटॉप फार रखडतो, हार्ड डिस्क टिकटिक वाजते. एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) बसवायला 3,200 सांगितलेत. मुलगा बीसीएला (कॉम्प्युटरच्या पदवीला) गेला, त्याला 52,000चा नवा लॅपटॉप हवाय, बारा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर. सिल्व्हर मॉलमध्ये एट्थ जनरेशनचा रिफर्बिश्ड (वापरलेला, नीट करून विकलेला) लॅपटॉप 21,000ला मिळतोय. बचत खात्यात 38,000 आहेत, अडीअडचणीला तेवढेच. काय करावं?

उत्तर : ताई, आधी आज रात्रीच टॅलीचा डेटा पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या, शिवाय एक प्रत ऑनलाइन ठेवा. टिकटिकणारी डिस्क रिटर्नच्या शेवटच्या तारखेलाच दगा देते, आणि मग डेटा काढून घेण्याचा खर्च एसएसडीच्या कितीतरी वर जातो.

आता खरेदी. रिफर्बिश्ड लॅपटॉप घ्या, पण स्वतःसाठी. डेस्कटॉपला एसएसडी बसवून तो मुलाला द्या. नाक मुरडेल, मुरडू दे.

विंडोज 10चा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट, 14 ऑक्टोबर 2025ला संपला, आणि फोर्थ जनरेशनवर विंडोज 11 अधिकृतपणे चढत नाही; इंटेलमध्ये मोजके अपवाद सोडले तर एट्थपासून पुढचेच प्रोसेसर चालतात. सहा दुकानदारांचे जीएसटी पासवर्ड अशा मशीनवर ठेवणं मला पटत नाही. मुलाचं तसं नाही. डेस्कटॉपवर विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम, लिनक्स मिंट, टाका, सी, जावा, पायथन सगळं मजेत चालेल. टॅली मात्र विंडोजचीच, म्हणून विंडोज 11वालं मशीन कमावणाऱ्या हातात हवं.

डेस्कटॉपवर एसएसडीपलीकडे रुपया घालू नका. एसएसडी उद्या काढून दुसऱ्या मशीनला लावता येते. त्यातली डीडीआर-थ्री रॅम मात्र नव्या बोर्डात बसत नाही, तिच्यावर घातलेले पैसे तिथेच संपतात.

नो-कॉस्ट ईएमआय नावाइतका फुकट नसतो. बँक व्याज लावतेच, तेवढी सूट दुकान आधी देतं. पण क्रेडिट कार्डावर घेतला तर त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच माथी. रोखीची सूट जाते ती वेगळीच. महिन्याला 4,333 म्हणजे तुमच्या कमाईचा जवळपास तिसरा हिस्सा. एखाद्या दुकानाचं काम सुटलं की हप्ता बोचायला लागेल. दुकानदार ‘धंद्यात दाखवा, टॅक्स वाचेल’ म्हणेल, त्याकडे लक्ष देऊ नका. तुमचं उत्पन्न करमर्यादेच्या पुष्कळ खाली आहे, वाचायला टॅक्सच नाही.

माझ्या हिशेबाने 24,200 जातील, 13,800 उरतील. तेवढ्यावर घर उघडं पडतं, म्हणून हप्त्यात गेले असते ते 4,000 दर महिन्याला खात्यात परत टाका. सहा-सात महिन्यांत खड्डा भरतो.

सिल्व्हर मॉलमध्ये ‘आय-फाइव्ह आहे’ एवढ्यावर भुलू नका. सिक्स्थ जनरेशनही आय-फाइव्हच असतो. सिस्टिमच्या माहितीत प्रोसेसरचा नंबर स्वतः वाचा : 8250 एट्थचा, 6300 सिक्स्थचा. बॅटरी रिपोर्ट तिथेच काढायला लावा. डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची क्षमता) 50 आणि फुल चार्ज (आजची क्षमता) 30 निघाली, तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून कापून घ्या. अशी मशीनं बरेचदा कंपन्यांतून उतरलेली असतात, म्हणून बायोसला (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगला) पासवर्ड नाही ना, हे चालू करून पाहा. पक्कं बिल घ्या, त्यावर सिरियल नंबर आणि वॉरंटीची मुदत लिहून घ्या. जीएसटी क्रेडिट तुम्हाला मिळणार नाही, पण भांडायची वेळ आली तर बिलच कामाला येतं.

राहिली जुनी डिस्क. तिच्यात गिऱ्हाइकांचे पॅन नंबर आहेत, त्यामुळे भंगारवाल्याला किलोवर देऊ नका. डेटा नीट उतरला याची खात्री झाली की ड्रिलने आतल्या चकत्यांना आरपार भोकं पाडून घ्या आणि निगमच्या कचरागाडीत ई-कचऱ्याच्या वेगळ्या कप्प्यात टाका.