फोन नक्की काय म्हणाला, ते लिहा

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात या पानावर *९९# बद्दल, म्हणजे इंटरनेटशिवाय साध्या फोनवरून बँकेची कामं करायच्या कोडबद्दल, चार ओळी काय छापल्या, पत्रांचा ढीग पडला. बहुतेकांत वाक्य एकच: "ताई, कोड चालत नाही." एवढ्यावरून मला काही सांगता येत नाही. मी नाशिकच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. "फोन मेला" अशी तक्रार आली की आधी एक्स्चेंजमधल्या मुख्य जोडणीवर (एमडीएफ) लाइन तपासायची, मग रस्त्यावरची जोडणीची पेटी (पिलर), मग घराजवळची पेटी (डीपी), आणि घरातलं यंत्र सगळ्यांत शेवटी. बँकेच्या कोडचंही तसंच आहे, फक्त लाइन कुठे तुटली ते इथे स्क्रीनच सांगते. ज्यांनी स्क्रीनवरचे शब्द जसेच्या तसे उतरवून पाठवले, त्यांचीच पत्रं या वेळी घेतली आहेत.

प्रश्न: ताई, नमस्कार. माझी निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीला सुरगाण्याकडची टोळी येते. मुकादमाकडे बटनांचा फोन आहे, नेट नाही. त्याच्या खात्यात मी उचल टाकतो, ती जमा झाली का ते तो *९९# लावून बघतो. पण कधी "कनेक्शन प्रॉब्लेम ऑर इनव्हॅलिड एमएमआय कोड" येतं, कधी "एक्स्टर्नल ॲप्लिकेशन डाउन", आणि एकदा मेनू उघडून मध्येच गायब झाला. फोन बदलायला सांगू का? त्याचा पिन मलाच माहीत आहे, तो माझ्याकडूनच सगळं करून घेतो. उलट त्याच्या खात्यातून मला २० हजार परत घ्यायचे होते, तेही जमलं नाही.
— एक बागाईतदार, निफाड

उत्तर: भाऊ, फोन बदलू नका. तुम्ही तीन वेगवेगळ्या तक्रारी एकाच पत्रात लिहिल्या आहेत, आणि तिन्हींची घरं वेगळी आहेत.

शेवटी हॅश असलेला कोड लावला की फोन कॉल करत नाही. ते आकडे तो कंपनीच्या जाळ्याला संदेश म्हणून देतो. त्यासाठी इंटरनेट लागत नाही. म्हणूनच "नेट चालू आहे तरी कोड का लागत नाही" या प्रश्नाला अर्थ नाही, दोन्ही वाटा निराळ्या. मोबाइल कंपनी तो संदेश एनपीसीआयकडे देते, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या महामंडळाकडे, आणि तिथून तो बँकेत जातो. उत्तर त्याच वाटेने उलटं येतं.

"इनव्हॅलिड एमएमआय कोड" आलं, तर संदेश पहिल्याच टप्प्यावर अडला. बँकेला तुमचा मुकादम आहे की नाही हेही कळलेलं नाही, तेव्हा बँकेत हेलपाटा घालू नका. त्याच्या फोनमध्ये दोन सिम आहेत का ते बघा. असतील तर कोड कोणत्या सिमवरून जातोय? बँकेत जो नंबर नोंदला आहे त्याच सिमवरून गेला पाहिजे, कारण खातं कोणाचं हे नंबरावरूनच ओळखलं जातं. मग रिचार्जची मुदत बघा. मग रेंज. सुरगाणा, पेठ, हरसूलच्या डोंगरात एक काडी दिसते नि जाते. तिथे घरात बसून कोड लावण्यापेक्षा उघड्यावर या. फोनच्या सेटिंगमध्ये नेटवर्क "फक्त ४जी" असं ठेवलेलं असेल तर "ऑटो" करा. पोरं गेम खेळायला ते बदलून ठेवतात आणि परत करत नाहीत. शेवटी फोन बंद करून चालू करा. हे सगळं करूनही तेच अक्षर आलं, तर सिम दुसऱ्या कोणाच्या फोनमध्ये घालून बघा. तिथे चाललं तर दोष फोनचा, नाही चाललं तर सिमचा किंवा कंपनीचा.

"एक्स्टर्नल ॲप्लिकेशन डाउन" हे मात्र चांगलं लक्षण समजा. संदेश मोबाइल कंपनीपर्यंत पोचला, पलीकडून उत्तर आलं नाही. इथे फोन उघडून बॅटरी काढणं, सिम पुसणं, फुंकर मारणं यांचा काडीचा उपयोग नाही. थोडं थांबून परत लावा.

मेनू मध्येच गायब होतो तो वेळेमुळे. प्रत्येक पडद्यावर उत्तर द्यायला थोडाच अवधी असतो. तुम्ही कार्ड शोधायला खिसे चाचपत राहिलात की तो बंद होतो. पहिल्यांदा नोंदणी करताना बँकेच्या आयएफएससीची (पासबुकावर छापलेल्या शाखेच्या कोडची) पहिली चार अक्षरं, डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि कार्ड संपण्याचा महिना-वर्ष लागतं. हे आधी कागदावर लिहून समोर ठेवा. पिन मात्र लिहू नका.

आता पिनबद्दल. तुमचा हेतू चांगला असेल, पण मुकादमाचा पिन तुम्हाला माहीत असणं मला पटत नाही. उद्या त्याच्या खात्यातून काही गेलं तर पहिलं बोट तुमच्याकडे, आणि ते बोट चुकीचं आहे हे तुम्ही कशाने दाखवणार? *९९# च्या मेनूत सातव्या क्रमांकावर यूपीआय पिनचा पर्याय आहे, तिथून त्याला बदलू द्या, तुम्ही पाठ फिरवून उभे राहा. शिल्लक बघायची असेल तर तिसरा क्रमांक दाबायचा, हे त्याला एकदा दाखवलं की पुरे. आणि २० हजारांचं म्हणाल, तर या कोडवरून एका वेळी ५ हजारांच्या वर जात नाहीत. तो बिघाड नाही, मर्यादा आहे.

प्रश्न: माझं सिम फक्त ४जी कंपनीचं आहे. कोड लावला की लगेच तेच "इनव्हॅलिड एमएमआय". सिम, फोन, रिचार्ज सगळं नीट आहे. — दिंडोरी

उत्तर: मग तुमचं सगळं नीटच आहे. हे कोड जुन्या जीएसएम जाळ्याचे आहेत. ज्या कंपनीकडे २जी-३जी नाहीच, तिच्या सिमवर ही सोय मिळेलच असं नाही. कस्टमर केअरला एवढंच विचारा: "तुमच्या जाळ्यावर *९९# चालतं का?" हो किंवा नाही एवढंच उत्तर घ्या, "सर, फोन रीस्टार्ट करा" हे ऐकत बसू नका. नाही म्हणाले तर ०८०-४५१६-३६६६ हा नंबर साध्या कॉलसारखा लावा. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे सुरू केलं, त्यातली ही एक सोय. हा सरळ कॉल आहे, त्यामुळे २जी असो नसो, फरक पडत नाही. सिम मात्र इथेही बँकेत नोंदलेलंच हवं.

प्रश्न: सासूबाईंना इंग्रजी येत नाही म्हणून मराठी मेनूचा *९९*२८# लावून दिला. त्यांच्या जुन्या फोनवर नुसते चौकोन दिसतात. माझ्या फोनवर मराठी दिसते, पण मेनू तुटक तुटक येतो. — सिडको

उत्तर: चौकोन म्हणजे त्या फोनमध्ये देवनागरी अक्षरंच भरलेली नाहीत. त्याला औषध नाही. तुटक येण्याचं कारण वेगळं. या संदेशाला जागा ठरलेली असते: इंग्रजीची १८२ अक्षरं मावतात, तर देवनागरीची ८० च्या आसपास, आणि काना-मात्रा, वेलांटी सगळं वेगळं मोजलं जातं. "शिल्लक" या तीन अक्षरी शब्दातच सहा जागा जातात. त्यामुळे जे इंग्रजीत एका पडद्यावर बसतं त्याला मराठीत जास्त पडदे लागतात. सासूबाईंसाठी माझा सल्ला: साधा *९९# च लावा आणि त्यांना लागणारे दोन आकडे, ३ शिल्लक, १ पैसे पाठवणे, जाड पेनाने कागदावर लिहून फोनच्या पाठीला चिकटवा. त्यांना वाचायचं नाही, दाबायचं आहे.

प्रश्न: ताई, निवृत्तीआधी सातपूरच्या कारखान्यात असताना सिंडिकेट बँकेत पगाराचं खातं होतं. पासबुकावर आयएफएससी एसवायएनबीने सुरू होतो. कोडमध्ये ती चार अक्षरं टाकली की घेत नाही. — सातपूर

उत्तर: काका, ती बँक १ एप्रिल २०२० ला कॅनरा बँकेत विलीन झाली. सीएनआरबी टाका. तशीच आंध्र आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत गेली, ओरिएंटल आणि युनायटेड पंजाब नॅशनलमध्ये, अलाहाबाद इंडियन बँकेत. ज्यांनी पासबुक तेव्हापासून कपाटात ठेवलंय त्यांनी नवं छापून घ्यावं. आणि जाताच आहात, तर खात्यावर कोणता मोबाइल नंबर आहे तेही विचारून या. पगाराच्या खात्यांवर जुनेच नंबर पडून असतात, आणि मग कोड बरोबर असूनही "नंबर नोंदलेला नाही" असं उत्तर येतं. ते उत्तर आलं तर मात्र बँकेतच जावं लागतं, ते फोनवरून सुटत नाही.

प्रश्न: सिम खराब झालं म्हणून त्याच नंबरचं नवं घेतलं. कॉल येतात-जातात, बँकेचा ओटीपी मात्र येत नाही. दुकानदार म्हणतो डीएनडी काढा. — रविवार कारंजा

उत्तर: डीएनडीचा ओटीपीशी संबंध नाही, तो जाहिराती अडवतो. नवं सिम सुरू झाल्यावर पहिले २४ तास त्यावर एसएमएस बंद ठेवायचे, असा दूरसंचार विभागाचा दंडक आहे. तुमच्या नावाने दुसऱ्याच कोणी सिम काढून घेतलं तर त्याच्या हाती ओटीपी लागू नये, म्हणून. दिवसभर थांबा.

दिवस उलटूनही आला नाही आणि फोन साधा असेल, तर मेसेजची पेटी भरली आहे का बघा. साध्या फोनची पेटी लहान असते, भरली की नवीन मेसेज बाहेरच थांबतो. रिचार्जवाल्यांचे जुने मेसेज पुसले की अडकलेले ओटीपी धडाधड येतात, अर्थात शिळे. स्मार्टफोन असेल तर स्पॅमच्या कप्प्यात डोकवा. कधी दोष कोणाच्याच फोनचा नसतो. ८ मार्च २०२१ ला कंपन्यांनी व्यावसायिक एसएमएस गाळण्याची नवी चाळणी लावली आणि देशभर बँकांचे ओटीपी अडकले; दूरसंचार नियामक ट्रायने ती चाळणी आठवड्यासाठी थांबवली तेव्हा गाडं सुरू झालं. म्हणून शेजाऱ्यालाही विचारा.

प्रश्न: "तुमचं पार्सल आलंय, पत्ता सापडत नाही, डिलिव्हरीवाल्याशी बोलायला हा कोड लावा," असा फोन आला. *४०१* आणि पुढे एक मोबाइल नंबर होता. मी लावला, "एरर" आलं. आता पार्सल कसं मिळेल? — जेल रोड, नाशिक रोड

उत्तर: पार्सल नव्हतंच. आणि एरर आलं हे तुमचं नशीब. तो कोड तुमचे कॉल त्या माणसाच्या नंबरावर वळवण्याचा आहे. ओटीपी फोनवर बोलून सांगण्याची सोय असते, तो कॉल मग त्याच्याकडे जातो. लोक असे फसू लागले म्हणून दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून *४०१# ची ही सोय बंद करायला लावली. म्हणून तुमचा कोड चालला नाही, आणि या पानावरचा हा एकच कोड असा, ज्याच्या न चालण्याचा मला आनंद आहे.

पण कॉल वळवण्याचे इतरही कोड आहेत, त्यामुळे खात्री करून घ्या. *#२१# लावलं की कॉल वळवलेले आहेत का ते दिसतं. ##००२# लावलं की सगळं वळवणं रद्द होतं. खात्यातून काही गेलेलं दिसलं तर पहिला फोन १९३० ला, सायबर गुन्ह्यांची हेल्पलाइन आहे, आणि लगेच दुसरा बँकेला. ओळखायची खूण सोपी आहे: बँकेच्या कोडात दहा आकडी मोबाइल नंबर नसतो. स्टार-हॅशच्या मध्ये कोणाचा नंबर दिसला की फोन खाली ठेवा.

प्रश्न: *९९# वरून भावाला ३ हजार पाठवले. पिन टाकला आणि मेनू बंद पडला. खात्यातून गेले, त्याला मिळाले नाहीत. पुन्हा पाठवू का? शिवाय या कोडचे दर वेळी ५० पैसे कापतात म्हणे. — लासलगाव

उत्तर: पैसे कापण्याचं जुनं झालं. ट्रायने एप्रिल २०२२ मध्ये ते शुल्क शून्य केलं. आणि पुन्हा पाठवू नका. मेनू बंद पडला म्हणजे उत्तर तुमच्यापर्यंत आलं नाही. पैसे कुठवर गेले ते स्क्रीनवरून कळत नाही. सहाव्या क्रमांकावर व्यवहारांची यादी आहे, ती बघा. भावाला त्याची शिल्लक बघायला सांगा. त्याच्याकडे खरंच जमा नसतील, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमाप्रमाणे व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते तुमच्या खात्यात आपोआप परत यायला हवेत. नाही आले तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला बँकेने १०० रुपये भरपाई द्यायची आहे, तीही तुम्ही न मागता. मागितल्याशिवाय कोण देतं, हा तुमचा प्रश्न मला इथूनच ऐकू येतोय, म्हणून मागा. शाखेत लेखी अर्ज द्या, त्यात तारीख, वेळ, रक्कम आणि स्क्रीनवर शेवटी काय दिसलं ते लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार नेता येते. चौकशीसाठी १४४४८ लावा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेची तारखेसह सही आणि शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. "साहेब जेवायला गेलेत" म्हणाले तर बाकावर बसून राहा.